विजयदुर्गचे ओटे आणि मृगांतील तेजोमेघ

वाघोटणच्या खाडीच्या मुखाशीं विजयदुर्गाचा जुना किल्ला समुद्रांत पाय रोवून उभा आहे. मराठ्यांच्या आरमाराची आणि आंग्र्यांच्या पराक्रमाची आठवण करीत जो प्रवासी त्याच्या तटावरून हिंडतो, त्याला गांवची माणसें कांहीं साधेसुधे ओटे दाखवितात. त्यांना 'साहेबांचे ओटे' किंवा 'साहेबांचे कट्टे' असें म्हणतात. त्यांच्याविषयीं कथा अशी कीं, १८६८ सालच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं लॉकियर नांवाच्या इंग्रज ज्योतिष्यानें येथेंच दुर्बीण लावून हेलियम वायूचा शोध लाविला. १८ ऑगस्टला त्या शोधाचा स्मरणदिनहि तेथें साजरा होतो. विजयदुर्ग आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असला तरी १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. तेव्हां ह्या कथेचा अभिमान रत्नागिरीकरांसहि वाटावा हें साहजिकच आहे.

कथा गोड आहे, पण जशी सांगतात तशी खरी नाहीं. १८६८ च्या १८ ऑगस्टला लॉकियर हिंदुस्थानांत नव्हतेच. त्या दिवशीं चंद्राची छाया पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्याकडे गेली, आणि तिच्या वाटेवर ठिकठिकाणीं दुर्बिणी लागल्या होत्या. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन हे गुंटूर येथें होते. मद्रासच्या वेधशाळेचे पॉग्सन मच्छलीपट्टणास होते. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत लेफ्टनंट जॉन हर्शेल हे वर्णपटदर्शक यंत्र घेऊन बसले होते. सूर्यबिंब झांकलें जातांच त्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाला दिसल्या, आणि त्यांचा प्रकाश यंत्रांतून पाहतां त्यांत कांहीं ठळक तेजस्वी रेषा आढळल्या. ह्या ज्वाला तापलेल्या वायूच्या आहेत हें त्यावरून ठरलें. त्यांतील पिवळी रेषा सोडियमची असावी असा प्रथम समज झाला. त्याच वर्षीं २० ऑक्टोबरला लॉकियर ह्यांनीं इंग्लंडांत, ग्रहण नसतांना, भर दिवसा त्याच ज्वालांचा वर्णपट पाहिला. आणि ती पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशीं जुळत नाहीं हें पुढें त्यांनींच ओळखलें. पृथ्वीवर कोणास ठाऊक नसलेल्या त्या द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नांवावरून हेलियम हें नांव पडलें. १८९५ सालीं रॅम्से ह्यांनीं तें एका खनिजांतून काढून दाखविलें, तेव्हां कोठें त्या नांवाला देह मिळाला.

मग विजयदुर्गाचे ओटे कशाचे? ते तीस वर्षांनंतरच्या दुसऱ्या ग्रहणाशीं जोडले पाहिजेत. २२ जानेवारी १८९८ ह्या दिवशीं पुनः एकदां खग्रास ग्रहणाची छाया आपल्या मुलखावरून गेली. तिनें कोंकणच्या किनाऱ्यास विजयदुर्गापाशीं स्पर्श केला. पुढें ती सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरवरून व वऱ्हाडांतून ईशान्येकडे निघून गेली. ह्या वेळीं मात्र लॉकियर खरोखरच विजयदुर्गास आले होते. आदल्याच वर्षीं त्यांस 'सर' ही पदवी मिळाली होती. 'मेल्पोमिनी' ह्या लढाऊ जहाजावरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीस होते. ह्या सर्वांना आठवडाभर आधीं कवाईत शिकवावी त्याप्रमाणें वेधाचीं कामें शिकविलीं होतीं. कारण सूर्यबिंब पूर्ण झांकून राहावयाचें तें सुमारें दोनच मिनिटें. त्या दोन मिनिटांत लोलक लाविलेल्या छायाचित्रयंत्रांनीं सूर्याच्या वातावरणाचे वर्णपट टिपले गेले. हेलियमचा शोध तेथें लागला नाहीं. तो लागून तीस वर्षें झालीं होतीं.

एवढें वाचून एखादा कोंकणस्थ वाचक खिन्न होईल. आमच्या किनाऱ्याच्या वांट्यास आलेलें एक कीर्तीचें पान तुम्ही फाडून टाकलें, असें तो म्हणेल. प्रस्तुत लेखाचा हेतु तें पान फाडण्याचा नाहीं. त्याच्या खालीं दडलेलें दुसरें, अधिक मोलाचें पान उलगडण्याचा आहे. कारण विजयदुर्गास आलेला हा पाहुणा त्या काळीं आणखी एका मोठ्या वादाचा नायक होता. तारे कशापासून आणि कसे जन्मास येतात, हा तो वाद. त्या वादांत महाराष्ट्रांतून एक उत्तर गेलें होतें, आणि तें त्या पाहुण्याच्या विरुद्ध होतें.

थंडीच्या दिवसांत रात्रीं आपल्या डोक्यावर मृग नक्षत्र येतें. चार तारे म्हणजे मृगाचे चार पाय, पोटांत रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागें तो बाण सोडणारा लखलखीत व्याध, हें चित्र आपल्याकडील मुलांनाहि ठाऊक असतें. बाणाच्या किंचित् दक्षिणेस नजर नेली तर एक अंधुक, धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. दुर्बिणींतून पाहतां तो पसरलेल्या पंखांच्या पांखरासारखा दिसतो. हाच मृगांतील तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारें १,३५० प्रकाशवर्षें दूर आहे. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश बदामीच्या चालुक्यांचें राज्य दक्षिणेंत नांदत होतें तेव्हां तेथून निघालेला आहे.

हें ठिगळ कशाचें, ह्याचा निर्णय पुष्कळ काळ झाला नव्हता. विल्यम हर्शेल ह्यांनीं असे अडीच हजार तेजोमेघ धुंडाळून त्यांची यादी केली. आरंभीं त्यांस वाटे कीं, हे सर्व दूरचे तारकासमूहच आहेत. दुर्बीण मोठी केली कीं तारे सुटे दिसतील. परंतु १७९० सालीं एका ताऱ्याभोंवतीं त्यांना असें धुकें दिसलें कीं त्याचे तारे होणें शक्यच नव्हतें. आणि आकाशांत खरोखर एक प्रकारचें तेजस्वी द्रव असावें असें त्यांनीं लिहून ठेविलें. ह्यानंतर मत एकदां इकडे, एकदां तिकडे झुकत राहिलें. १८६४ सालीं विल्यम हगिन्स ह्यांनीं एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकांतून पाहिला. तेथें ताऱ्यांसारखा सलग रंगपट्टा नव्हता, तर दोनतीन सुट्या तेजस्वी रेषा होत्या. अशा रेषा विरळ तापलेल्या वायूच्याच असतात. पुढें मृगांतील तेजोमेघहि तसाच निघाला. तो वायूचा होता, ताऱ्यांचा नव्हता.

परंतु कोणत्या वायूचा? कांहीं रेषा हायड्रोजनच्या होत्या. पण सर्वांत ठळक जी हिरवी रेषा, ती कोणत्याहि ज्ञात द्रव्याशीं जुळेना. येथें लॉकियर पुढें आले. त्यांचें म्हणणें असें कीं, तेजोमेघ हा मुळांत वायु नसून उल्कापाषाणांचा थवा आहे; ते दगड एकमेकांवर आपटून तापतात, त्यांतून वाफ निघते, आणि अशा थव्यांच्या आकुंचनानें तारे होतात. ती हिरवी रेषा म्हणजे तापलेल्या दगडांतील मॅग्नेशियमच्या वर्णपट्टीची कड होय, हा त्यांचा मुख्य पुरावा होता. लॉकियर हे 'नेचर' ह्या सुप्रसिद्ध नियतकालिकाचे संस्थापक व संपादक. हेलियम ओळखणाऱ्या मनुष्याचा शब्द वर्णपटांच्या बाबतींत सहजासहजीं कोण मोडणार? हगिन्स ह्यांनीं विरोध केला, अमेरिकेंत कीलर ह्यांनीं त्या रेषेचें स्थान सूक्ष्मपणें मोजलें, आणि वाद पेटला.

ह्याच सुमारास पुण्यांत काय चाललें होतें तें पाहण्यासारखें आहे. रत्नागिरी येथें १८५६ सालीं जन्मलेले बाळ गंगाधर टिळक हे त्या वर्षांत मृग नक्षत्राच्याच चिंतनांत गढले होते. वसंतसंपात मृगांत असतांनाच्या स्मृति वेदांत आढळतात, म्हणून वेदांचा काळ ख्रिस्तपूर्व ४,००० च्या आसपास जातो, हें प्रतिपादन करणारा त्यांचा 'ओरायन' हा इंग्रजी ग्रंथ १८९३ सालीं निघाला. त्याच जिल्ह्यांतील मुरुड गांवचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेहि आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासाचें साहित्य जुळवीत होते. तो अपूर्व मराठी ग्रंथ १८९६ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या दोघां कोंकणपुत्रांनीं मृगाला मनुष्याच्या इतिहासाचें घड्याळ केलें. आणि त्याच शहरांत, टिळकांहून एकाच वर्षानें लहान असलेले एक पारशी प्राध्यापक त्याच मृगाकडे निराळ्या प्रश्नानें पाहत होते.

कावसजी दादाभाई नायगमवाला हें त्यांचें नांव. ते मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत असतां १८८२ सालीं भावनगरचे महाराज तख्तसिंहजी ह्यांनीं वर्णपटशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठीं ५,००० रुपये दिले, आणि सरकारनें तितकीच भर घातली. त्यांतून अखेर पुण्याच्या सायन्स कॉलेजांत १८८८ सालीं वेधशाळा उभी राहिली. तिच्यासाठीं डब्लिनच्या ग्रब ह्यांच्या कारखान्यांतून आणलेली परावर्ती दुर्बीण पुढें २० इंची म्हणून प्रसिद्ध झाली; तेव्हां हिंदुस्थानांत तिच्या तोडीची दुसरी नव्हती. तिला वर्णपटदर्शक जोडून नायगमवाला ह्यांनीं जें पहिलें महत्त्वाचें काम हातीं घेतलें, तें मृगांतील तेजोमेघाच्या त्या हिरव्या रेषेचें.

परीक्षा सोपी, पण निर्णायक होती. लॉकियर म्हणतात त्याप्रमाणें ती मॅग्नेशियमच्या पट्टीची कड असेल, तर ती एका अंगानें ठसठशीत आणि दुसऱ्या अंगानें विरत गेलेली दिसली पाहिजे. विरळ वायूची स्वतंत्र रेषा असेल, तर दोन्ही अंगांनीं सारखीच रेखीव दिसेल. यंत्राची फट कमीजास्त करून, निरनिराळ्या रीतींनीं नायगमवाला ह्यांनीं ती न्याहाळली. प्रत्येक वेळीं ती बारीक आणि रेखीवच दिसली. १८९१ सालीं लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकांत त्यांनीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत आवेश नव्हता, टीका नव्हती. जें दिसलें तें सांगितलें होतें. पण त्याचा अर्थ उघड होता. पुण्याहून पाहतां मृगांतला तेजोमेघ दगडांचा दिसत नव्हता.

पुढें १८९८ चें ग्रहण आलें, तेव्हां लॉकियर विजयदुर्गास आणि नायगमवाला जेऊरला, असे दोघेहि एकाच छायेच्या वाटेवर उभे होते. मृगावर ग्रंथ लिहिणारे टिळक त्या वेळीं राजद्रोहाच्या शिक्षेमुळें तुरुंगांत होते. त्यांच्या सुटकेसाठीं जो अर्ज झाला त्यावर मॅक्समुल्लरसारख्या पंडिताची सही होती, आणि 'ओरायन' ग्रंथानें मिळविलेला आदर त्याच्या मुळाशीं होता. १९१२ सालीं नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद पडली, आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. हिरव्या रेषेचें कोडें मात्र तसेंच राहिलें. तिच्यासाठीं 'नेब्युलियम' नांवाचें एक काल्पनिक मूलद्रव्यहि मानलें गेलें. १९२७ सालीं बोवेन ह्यांनीं तें सोडविलें. ती रेषा आपल्या श्वासांतील ऑक्सिजनचीच होती. दोन विद्युत्कण गमावलेल्या आणि पृथ्वीवरील कोणत्याहि नळींत साधणार नाहीं इतक्या विरळ अवस्थेंतील ऑक्सिजनची. नायगमवाला तेव्हां हयात होते. ते १९३८ त वारले.

येथें एक गंमत लक्षांत घेण्यासारखी आहे. ह्या वादांत सर्वांचे डोळे तेजोमेघाच्या उजेडाकडे लागले होते. ताऱ्यांचा जन्म जेथें व्हावयाचा तो भाग मात्र अंधारांत होता. तेजोमेघाच्या मध्यभागीं चार प्रखर तारे आहेत. ते वयानें दहा लाख वर्षांच्या आंतबाहेरचे, म्हणजे ताऱ्यांच्या मानानें तान्हे. त्यांच्या जंबुपार किरणांनीं भोंवतालचा वायु पेटल्यासारखा झाला आहे, आणि तो उजेड आपण पाहतों. अर्थात् हा तेजोमेघ गर्भाशय नव्हे. तो जन्म झाल्यानंतरचा दिवा आहे. खरें गर्भगृह त्याच्या पाठीमागें आहे. तें काळोखाचें आणि कडाक्याच्या थंडीचें आहे, आणि तें साध्या दुर्बिणीला दिसत नाहीं.

त्या काळोखाकडे पहिलें लक्ष वेधलें तें छायाचित्रांनीं. अमेरिकन ज्योतिषी बार्नार्ड ह्यांनीं आकाशगंगेचीं व वृषभ राशीच्या भागाचीं चित्रें घेतलीं, तेव्हां त्यांत ताऱ्यांच्या गर्दींतून गेलेल्या काळ्या वाटा दिसल्या. ह्या आकाशांतील मोकळ्या जागा असाव्यात असें प्रथम वाटे. हळूहळू बार्नार्ड ह्यांची खात्री पटली कीं, हे मागील तारे झांकणारे काळे मेघ आहेत. १९१९ सालीं त्यांनीं अशा १८२ कृष्णमेघांची यादी दिली. त्यांतील कित्येक लांबट, वळसे घेत गेलेल्या दोऱ्यासारखे आहेत. चित्र समोर होतें. अर्थ लागावयास मात्र पुष्कळ वर्षें जावीं लागलीं.

त्यासाठीं निराळा डोळा पाहिजे होता. ह्या मेघांतील वायु बहुतेक हायड्रोजनचा, आणि तो इतका थंड कीं स्वतः प्रकाश देत नाहीं. त्याचें तपमान शून्याखालीं सुमारें २६० अंश. परंतु त्यांत अल्प प्रमाणांत असलेला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे आपल्या कोळशाच्या शेगडींतून निघणारा विषारी वायु, रेडिओलहरी सोडतो. १९७० सालीं विल्सन, जेफर्ट्स व पेन्झियस ह्यांना मृगांतील तेजोमेघाच्या दिशेनेंच तो प्रथम सांपडला. तेव्हांपासून काळ्या मेघांचे नकाशे काढतां येऊं लागले. १९८७ सालीं मृगाच्या मेघाचा असा नकाशा झाला, आणि त्यांत तेजोमेघाच्या पाठीमागून गेलेला वीस प्रकाशवर्षांहून लांब असा एक दाट तंतु आढळला. गणितांतील समाकलनाच्या चिन्हासारखा तो दोन्ही टोकांस वळलेला आहे, आणि त्याच नांवानें ज्योतिषी त्यास ओळखतात. नायगमवाला ज्या उजेडाकडे पाहत होते, त्याच्यामागेंच हा दोरा टांगलेला होता.

हा तंतु एखादाच अपवाद कीं सर्वत्र हाच नियम? ह्याचें उत्तर २००९ च्या मे महिन्यांत सोडलेल्या एका युरोपीय अवकाशदुर्बिणीनें दिलें. तिचा आरसा साडेतीन मीटरांचा होता. ती २०१३ पर्यंत थंड धुळीचे दूर-अवरक्त किरण टिपीत राहिली. तिचें नांव 'हर्शेल', त्याच विल्यम हर्शेलवरून. तेजोमेघांची यादी करणाऱ्या त्या ज्योतिष्यानेंच १८०० सालीं अवरक्त उष्णकिरणांचा शोध लाविला होता. आणि १८६८ सालीं जमखंडीस बसलेले लेफ्टनंट हर्शेल हे त्याचे नातू. ह्या दुर्बिणीनें जवळचे मेघ पाहिले, तेव्हां जिकडे तिकडे तंतूंचें जाळें दिसलें. फिलिप आंद्रे व त्यांचे सहकारी ह्यांनीं मोजणी केली. तंतु लांब असो कीं आंखूड, दाट असो कीं विरळ, त्याच्या गाभ्याची रुंदी पुष्कळशी सारखीच, सुमारें एक तृतीयांश प्रकाशवर्ष, भरली. आणि ज्यांतून तारे व्हावयाचे ते वायूचे घट्ट गोळे बहुतेक ह्या दाट तंतूंवरच ओंवलेले होते. गरुड राशीच्या भागांतील मेघांत त्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश तंतूंवर सांपडले.

हें कसें घडतें, तें आतां थोडक्यांत सांगतां येईल. आकाशांतील वायु निश्चल नसतो. फुटलेल्या ताऱ्यांचे धक्के आणि तेजस्वी ताऱ्यांचे झोत त्याला सतत घुसळीत असतात. दोन प्रवाह ध्वनीहून अधिक वेगानें एकमेकांवर आदळले कीं मधला वायु दाबला जाऊन त्याचे पडदे होतात, आणि पडद्यांचे तंतु. ह्या कामीं चुंबकीय रेषांचाहि हात असतो. दाट तंतु त्या रेषांना बहुधा काटकोनांत पडलेले दिसतात. येथवर गुरुत्वाकर्षणाचें काम दुय्यम असतें. पुढें मात्र हिशेब येतो. अशा थंड तंतूच्या दर प्रकाशवर्ष लांबीमागें सुमारें पांच सूर्यांइतकें द्रव्य जमलें, कीं आंतील उष्णतेचा दाब त्याला तोलून धरूं शकत नाहीं. तंतु स्वतःच्या भारानें आकसतो आणि त्याचे ठिकठिकाणीं गोळे होऊं लागतात.

कोंकणांत ज्यानें पावसाळा काढला आहे त्याला ह्याचें चित्र डोळ्यांसमोर आणणें कठीण नाहीं. छपरावरून पागोळी गळते, ती वरती सलग धार असते; खालीं येतां येतां तिला गांठी पडतात आणि तिचे थेंब होतात. पाण्याच्या धारेचे थेंब पाण्याच्या पृष्ठभागाची ओढ करते. तंतूचे गोळे त्याचें स्वतःचें गुरुत्वाकर्षण करतें. कारण निराळें, पण लांब धारेला धार म्हणून टिकतां येत नाहीं हा न्याय दोहोंकडे सारखाच. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर व एन्रिको फर्मी ह्यांनीं १९५३ सालींच चुंबकीय क्षेत्रांतील वायुस्तंभाच्या अशा अस्थैर्याचें गणित करून ठेविलें होतें. त्या वेळीं प्रत्यक्ष तंतूंचे नकाशे कोणाजवळ नव्हते.

परंतु गोळा झाला म्हणजे काम संपलें असें नाहीं. डोंगरावरील पऱ्हे ओहोळाला मिळतात आणि ओहोळ नदीला, त्याप्रमाणें बाजूच्या बारीक धारांतून तंतूला वायु मिळतो, आणि तंतूच्या लांबीवरून तो गोळ्यांकडे वाहत जातो. जेथें अनेक तंतु एकत्र येतात त्या संगमावर सर्वांत अधिक द्रव्य सांचतें, आणि तेथेंच मोठ्या ताऱ्यांचे व तारकागुच्छांचे जन्म होतात. मृगांतील तेजोमेघामागचा गुच्छ असाच आहे. त्यांत दोन हजारांहून अधिक कोवळे तारे आहेत. प्रत्येक गोळा कांहीं लाख वर्षांत आंत कोसळतो. त्यांतील सर्व द्रव्य ताऱ्याला मिळत नाहीं. जन्मतांच तारा दोन्ही ध्रुवांकडून जोराचे झोत सोडतो आणि पुष्कळसा वायु उधळून लावतो. सुमारें तिसरा हिस्सा ताऱ्याच्या पदरीं पडतो.

ज्या तंतूंत द्रव्य पुरेसें नसतें, ते वांझ राहतात. ध्रुवताऱ्याच्या दिशेनें असा एक मेघ आहे; त्यांत तंतूंचें जाळें सुरेख आहे, पण तारे होत नाहींत. तंतु आधीं आणि तारा मागून, हा क्रम त्यावरून स्पष्ट होतो. तंतूंची रुंदी खरोखरच सर्वत्र एक आहे, कीं मोजण्याच्या रीतीनें तशी भासते, ह्यावर आजहि ज्योतिष्यांत मतभेद आहेत. शास्त्रांत असा वाद चालू असणें हें आरोग्याचेंच लक्षण होय. १८९१ सालींहि तो चालू होता.

आणि महाराष्ट्राचा ह्या कामाशीं असलेला संबंध १९१२ सालीं तुटला नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः घडविलेली १०० सेंटिमीटरांची दूर-अवरक्त दुर्बीण हैदराबादेहून प्रचंड फुग्यांच्या साहाय्यानें उंच वातावरणांत पाठविली जाते. तारे घडविणाऱ्या मेघांची उबदार धूळ आणि त्यांतील कार्बन तिनें मोजला आहे. नारायणगांवाजवळ खोडद येथें त्याच संस्थेच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ-दुर्बिणी उभ्या आहेत. पुण्याच्या पारशी प्राध्यापकानें एकट्यानें जो प्रश्न धरला होता, त्याला आतां अनेक हातांचें बळ मिळालें आहे.

आतां पुनः विजयदुर्गाकडे येऊं. लॉकियर ह्यांची पाषाणांची कल्पना टिकली नाहीं. तरी तारे विखुरलेल्या द्रव्याच्या एकत्र येण्यानें होतात, आणि ही घडामोड आजहि आपल्या डोळ्यांसमोर चालली आहे, हा त्यांचा आग्रह फुकट गेला नाहीं. चुकीचें उत्तर देऊनहि त्यांनीं योग्य प्रश्न लोकांपुढें जिवंत ठेविला. नायगमवाला ह्यांच्या हातून नव्या द्रव्याचा शोध लागला नाहीं, कीं त्यांच्या नांवाचा उत्सव कोठें होत नाहीं. एका नामांकित मनुष्याचें म्हणणें त्यांनीं आपल्या यंत्रावर घासून पाहिलें आणि जें दिसलें तेंच लिहिलें. ज्ञानाची इमारत ज्या दगडांवर उभी राहते, त्यांतला हा एक दगड. तो पायांत असल्यामुळें दिसत नाहीं इतकेंच.

म्हणून विजयदुर्गाचे ओटे जपले पाहिजेत, पण त्यांची कथा दुरुस्त करून. तेथें जाणाऱ्या मुलाला कोणीतरी सांगावें कीं, हेलियम येथें सांपडला नाहीं. परंतु तो ओळखणारा मनुष्य १८९८ सालीं ह्या तटावर उभा राहून दोन मिनिटांच्या काळोखाची वाट पाहत होता. आणि त्याच्या सात वर्षें आधीं, पुण्याच्या एका प्राध्यापकानें मृगाच्या तेजोमेघाची साक्ष काढून त्याला नम्रपणें 'नाहीं' म्हटलें होतें. मग त्या मुलाला थंडीच्या एखाद्या रात्रीं मृगाच्या बाणाखालचा तो धुरकट ठिपका दाखवावा. त्याच्या मागच्या अंधारांत तंतूंना गांठी पडत आहेत आणि तारे होत आहेत. एवढें खरें असतां खोट्याची गरज आपल्या किनाऱ्यास पडूं नये.